सात पॉइंट दोन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंगचा दर किलोवर ठरतो. गिऱ्हाइकाकडून येणारं ड्रॉइंग मात्र मिलिमीटरमध्ये असतं. इतकी लांबी, इतका व्यास, इतकी जाडी. त्या मापांवरून वजन काढायचं आणि वजनावरून दर द्यायचा, हे काम मी तिथेच उमेदीची सगळी वर्षं केलं आणि अजून करतो. मिलिमीटर आणि किलो यांच्या मध्ये एकच आकडा उभा असतो. आमच्या शॉपवर त्याला सगळेच ‘सात पॉइंट दोन’ म्हणतात. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे आणि ओडिशाहून आलेले मोल्डरसुद्धा.

ही बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची, घनता. एक लिटर पाणी एक किलो भरतं. तेवढ्याच जागेत बीड ओतलं तर ते थंड झाल्यावर ७.२ किलो भरतं. हिशेबाची रीत साधी आहे. ड्रॉइंग समोर घ्यायचं आणि जॉबचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे. हा दंडगोल, ही सपाट पट्टी, हे दोन बॉस, या रिब. एकेकाचं घनफळ काढून बेरीज करायची, भोकांचं वजा करायचं. उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं. हजाराने भागलं की लिटर, लिटरला ७.२ ने गुणलं की किलो. पंप हाउसिंग असो, मशीनचा दोन टनी बेड असो की फेटलिंगच्या कोपऱ्यात पडलेली चिमूटभर चिप असो, आकडा तोच. वस्तुमान आणि आकारमान तुकड्यागणिक बदलतात, त्यांचा भागाकार बदलत नाही. शाळेत हे सूत्र पाठ केलं होतं. त्यावर कारखान्याचा महिना चालतो, हे उद्यमबागेत आल्यावर समजलं.

आमच्या पॅटर्न शॉपमध्ये एक वयस्कर मामा होते. सुतारकीतून आलेले, शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. त्यांच्याकडे घनफळ काढायची भानगडच नव्हती. सागवानी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, तयार झाला की तो काट्यावर ठेवायचे आणि अकराने गुणायचे. “दोन किलोचा पॅटर्न, बावीस किलोचं कास्टिंग. लिही की रे.” मी ड्रॉइंगवरून तासभर खपून काढलेलं वजन आणि त्यांचं तोंडी वजन यांत फारसा फरक नसायचा. त्याचं कारण पुढे नीट उलगडलं. पॅटर्न आणि कास्टिंग, दोघांचं घनफळ जवळपास एकच. सागाची घनता सुमारे ०.६५, बिडाची ७.२. घनफळ दोन्हीकडून कटतं आणि ७.२ भागिले ०.६५, म्हणजे अकरा, एवढंच उरतं. अॅल्युमिनियमचा पॅटर्न आला की मामा पावणेतीनाच्या जरा खाली धरायचे, कारण अॅल्युमिनियमची घनता २.७. पॅटर्नवर कोअर, म्हणजे पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, बसवण्यासाठी जे प्रिंट असतात, त्यांचं लाकूड वजनात येतं पण कास्टिंगमध्ये येत नाही, हेही ते हातानेच ओळखून वजा करायचे. आणि बेळगावचा पाऊस लागला की म्हणायचे, “आता अकरा नको, दहा धर. लाकूड पाणी प्यालंय.” जुलै-ऑगस्टमध्ये इथे हवेतच इतका ओलावा असतो की लाकडाचं वजन खरंच वाढतं. लाकूड किंचित फुगतंही, पण वजन त्याहून जास्त वाढतं. म्हणजे लाकडाची घनता वाढते आणि गुणक खाली उतरतो. मामांनी घनता हा शब्द कधी उच्चारला नसेल, पण गणित त्यांच्या बोटांत होतं. माझ्या दृष्टीने ते या विषयाचे माझे दुसरे गुरुजी.

पहिले गुरुजी गावच्या शाळेतले. माझं गाव निपाणीजवळ, महामार्गापासून आत. आमच्याकडे त्या काळी जोंधळा आणि तंबाखू. घरात धान्य मोजायचं ते चिपटं, मापटं, शेर, पायली असंच. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ चा, साठच्या दशकात बाजारातून जुनी मापं हटली, पण आजीच्या कणगीपाशी पायलीच चालायची. शेजारणीला जोंधळा उसना देताना आजी माप हलवायची नाही आणि परत घेताना शेजारीण हलवू द्यायची नाही. कारण माप दोनदा जमिनीवर ठोकलं की दाणे बसतात आणि मूठभर जास्त मावतात. पायली तीच, वजन निराळं. भाताच्या पायलीचं वजन जोंधळ्याच्या पायलीपेक्षा बरंच कमी, कारण तुसाला जागा लागते. चुरमुऱ्यांचं तर विचारायलाच नको.

गुरुजींनी एकदा वर्गात लिटरचं माप आणलं, जोंधळा भरला आणि तराजूत टाकला. पाऊण किलोच्या आसपास भरला. मग विचारलं, “लिटरभर पाणी किलोभर, लिटरभर जोंधळा पाऊण किलो. म्हणजे जोंधळा पाण्यापेक्षा हलका. मग पाण्यावर तरंगला पाहिजे, होय का नव्हे?” आम्ही सगळे “होय” म्हणून ओरडलो. त्यांनी मूठभर दाणे बादलीत टाकले आणि ते सरळ तळाला गेले. वर्गाने खूप वेळ डोकं खाजवलं. शेवटी गुरुजींनीच भरलेल्या मापात सावकाश पाणी ओतलं. दाण्यांनी काठोकाठ भरलेल्या मापात कितीतरी पाणी आणखी मावलं. दाण्यांच्या मधे एवढी हवा होती. दाणा स्वतः पाण्यापेक्षा जड, दाण्यांचा ढीग मात्र लिटरला पाण्यापेक्षा हलका. घनता सांगताना ती नेमकी कशाची, दाण्याची की ढिगाची, हे आधी ठरवावं लागतं. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसांना हा फरक न कळल्याचं मी नंतर पाहिलं आहे. मराठी शाळेत, गावच्या जोंधळ्यावर, आमच्या भाषेत तो आम्हाला शिकवला गेला याचा मला आजही अभिमान वाटतो.

तंबाखूचं गणित याहून अवघड. वाळलेलं पान दिवसा हाताळलं तर चुरा होतो, म्हणून पहाटेच्या दवाने मऊ झाल्यावर त्याला हात लावायचा. पण मऊ पान म्हणजे पाणी प्यालेलं पान. पोतं बाहेरून तेवढंच दिसतं आणि काट्यावर जास्त भरतं. म्हणून वखारीत व्यापारी पान मुठीत चुरगाळून बघायचा आणि ओलाव्यापोटी वजनात घट धरायचा. ती किती धरायची हे त्याच्या हातात. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं ते रास्त भावासाठी, पण ज्या काट्यावर तो भाव मिळायचा त्याबद्दलचा रागही घराघरांत होता.

आजही निपाणीपाशी महामार्गावर उभं राहिलं की गाड्यांकडे माझं लक्ष याच नजरेने जातं. तंबाखूची किंवा चुरमुऱ्यांची गाडी फळ्यांच्या वर फुगलेली, दोऱ्यांनी आवळलेली, पण चढाला सहज निघून जाते. गोव्यातल्या आमोण्याहून आमच्याकडे पिग आयर्न, म्हणजे फाउंड्रीचं कच्चं लोखंड, यायचं, त्याची गाडी बघणाऱ्याला रिकामी वाटायची. तळाशी काळ्या विटांचा एक थर. दहा टन पिग आयर्न म्हणजे निव्वळ धातूचं घनफळ दीड घनमीटरही नाही. गाडीची जागा संपण्याच्या कितीतरी आधी गाडीची ताकद संपते.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात, भाताचा मुलूख. तिथे पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात अगदी पोचट दाणे तेवढे वर येतात. मीठ घातलं की पाण्याची घनता दोनेक टक्क्यांनी वाढते आणि अर्धवट भरलेले दाणेही वर येतात. ते काढून टाकायचे. तळाला राहिलेलं बी दोनतीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. हे कृषी खात्याने सांगितलेलं, आणि सांगितलेल्यांपैकी शेतकऱ्यांनी मनापासून स्वीकारलेलं काम. पाणी दोन टक्के जड झालं की दाण्यांची अशी निवड होते. मग पाण्याऐवजी सातपट जड द्रव असेल तर त्यात काय काय तरंगेल? याचं उत्तर मला फाउंड्रीत मिळालं.

कास्टिंग आतून पोकळ हवं असेल तर साच्यात वाळूचा कोअर बसवतात. समजा कोअरचं घनफळ दोन लिटर. वाळू ठासून बांधलेली, लिटरला १.६ किलो धरली तर कोअर ३.२ किलोचा. हातात घेतला तर चांगला जड लागतो. खाली बसवून वर पेटी झाकली की तो हलणार कसा, असं नवख्याला वाटतं. पण वितळलेलं बीड लिटरला सात किलोच्या आसपास असतं. दोन लिटरचा कोअर दोन लिटर मेटलची जागा घेतो, म्हणजे चौदा किलो मेटल बाजूला सारतो. आर्किमिडीजचा नियम पाण्यापुरता नाही. कोअर चौदा किलोच्या जोराने वर ढकलला जातो, त्याचं स्वतःचं वजन ३.२ किलो खाली ओढतं, बाकी पावणेअकरा किलोचा जोर वरच्या दिशेने उरतो. म्हणून कोअरला खालून आधार देऊन भागत नाही, वरूनही दाबून धरावं लागतं. त्यासाठी चॅपलेट लावतात, लोखंडाचे छोटे टेकू, जे मेटलमध्येच विरघळून एकजीव होतात. चॅपलेट कमी पडला की कोअर उचलतो. कास्टिंगची वरची भिंत पातळ होते, खालची जाड. वजन केलं तर अगदी बरोबर भरतं, कारण घनफळ तेवढंच आहे, फक्त जागा बदललेली आहे. काटा तिथे काहीच सांगत नाही. मशीन शॉपमध्ये टूल पातळ भिंतीतून आरपार गेलं की मग कळतं.

वरच्या पेटीचंही तसंच. चाळीस बाय पन्नास सेंटिमीटरचा सपाट जॉब, त्याच्या वर मेटलची वीस सेंटिमीटर उंची. दोन हजार गुणिले वीस, चाळीस हजार घन सेंटिमीटर, म्हणजे चाळीस लिटर. गुणिले सात. वरची पेटी दोनशे ऐंशी किलोच्या जोराने उचलली जाते. पेटीतल्या वाळूचं वजन त्यातलं काही पेलतं, बाकीच्यासाठी क्लॅम्प लावायचे किंवा वर वजनं ठेवायची. पेटी अर्धा सूत उचलली तरी फटीतून मेटल बाहेर येतं, आणि समोर माणसाचे पाय असतात. नवीन पोरांना मी हा गुणाकार कागदावर करायला लावतो तो यासाठी. वजन ठेवायला सांगितलं म्हणून ठेवणारा घाईत कधीतरी विसरतो. दोनशे ऐंशी हा आकडा ज्याने स्वतः काढला आहे, तो विसरलेला मी पाहिलेला नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. पुण्याकडच्या एका गिऱ्हाइकाचा नवीन ब्रॅकेट आला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वजन छापलेलं होतं, २३.५५ किलो. मी मापांवरून काढलेलं वजन २१.६ येत होतं. कोटेशनमध्ये मी माझं वजन लिहिलं, सोबत हिशेब जोडला. सँपल गेले आणि आठवड्यात निरोप आला की कास्टिंग दोन किलोने हलकं आहे, आत पोरॉसिटी, म्हणजे पोकळ्या, असणार, सगळा लॉट थांबवा. ड्रॉइंगमधला आकडा संगणकाने काढलेला होता आणि संगणक चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शॉपवर अस्वस्थता पसरली. दोन किलो म्हणजे नऊ टक्के. एवढं कास्टिंग आतून पोकळ असेल तर मोल्डिंगपासून मेल्टिंगपर्यंत सगळ्यांच्या कामावर बोट ठेवलं जातं. मोल्डर लोक माझ्याभोवती जमून विचारत होते, “साहेब, आमचं काय चुकलं?” त्यांचं काही चुकलेलं नाही हे मला वाटत होतं, पण वाटून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं.

मी पत्र्याचा एक ड्रम मागवला आणि पाण्याने भरला. वर क्रेनच्या हुकाला दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा टांगता डिजिटल काटा लावला. काट्याला बारीक तारेने कास्टिंग टांगलं. हवेत २१.६० किलो. मग सावकाश पाण्यात उतरवलं, कुठे तळाला किंवा कडेला टेकत नाही हे बघितलं, भोकांत अडकलेले बुडबुडे तारेने हलवून काढले. काटा १८.६० वर थांबला. वजन तीन किलोने घटलं, म्हणजे कास्टिंगने तीन किलो पाणी बाजूला केलं, म्हणजे त्याचं घनफळ तीन लिटर. २१.६० भागिले ३.००. उत्तर ७.२. मी ते भिंतीवर खडूने लिहिलं. मोल्डरांपैकी एकाने कन्नडमध्ये दुसऱ्याला समजावून सांगितलं आणि दोघेही हसत कामाला निघून गेले.

गिऱ्हाइकाचा तरुण इंजिनिअर दोन दिवसांनी स्वतः आला. त्याच्यासमोर पुन्हा सगळं केलं. त्याने लॅपटॉप उघडला. मॉडेलमध्ये घनफळ तीन लिटरच दाखवत होतं. मग वजन २३.५५ कुठून? मटेरियलच्या रकान्यात बिडाऐवजी स्टील राहिलं होतं, घनता ७.८५. तीन गुणिले ७.८५, बरोबर २३.५५. त्याने तिथल्या तिथे बदल केला आणि आकडा २१.६० झाला. पोरगा सरळ मनाचा होता. त्याने लगेच आपल्या ऑफिसला कळवलं आणि मग मला विचारलं, “सर, दोन्ही लोखंडच ना? मग नऊ टक्क्यांचा फरक कशाने?”

प्रश्न चांगला होता. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे आमच्या बिडात, वजनाने तीन टक्क्यांहून थोडा जास्त कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइट होऊन बारीक पाकळ्यांच्या रूपात बसलेला असतो. ग्राफाइटची घनता सव्वादोनच्या आसपास. वजनाने तीन टक्के असलेला हा ऐवज घनफळाने दहा टक्क्यांच्या जवळपास जागा अडवतो. स्टीलमध्ये कार्बन फारच थोडा, ग्राफाइट नाहीच. त्यामुळे बिडाची घनता खाली येते. या पाकळ्यांमुळेच बीड मशीनवर सहज कापलं जातं आणि कंप शोषून घेतं, म्हणून मशीनचे बेड बिडाचे करतात. हलकेपणा हा इथे दोष नाही, त्या धातूचा स्वभाव आहे. त्याला हे सांगताना मला मनापासून आनंद झाला.

त्या प्रकरणानंतर ड्रम तिथेच राहिला, आणि पुढच्याच एका लॉटमध्ये त्याचं खरं काम निघालं. एकाच हीटमधली, म्हणजे भट्टीतल्या एकाच वेळच्या मेटलची, दोन कास्टिंग वजनाला कमी निघाली. दोन्ही २१.२५ किलो. काट्यावर दोघांत काडीचा फरक नाही. पाण्यात टांगल्यावर पहिल्याचं वजन २.९५ किलोने घटलं, दुसऱ्याचं तीन किलोने. पहिल्याची घनता ७.२ आली. ते मापालाच किंचित लहान होतं, धातू आतून भरीव होता. मापं टॉलरन्समध्ये बसली आणि ते पास झालं. दुसऱ्याचं बाहेरचं घनफळ पूर्ण तीन लिटर, पण घनता ७.०८. वेगवेगळ्या हीटमध्ये ग्राफाइट कमीजास्त होऊन घनता ७.१ ते ७.३ मध्ये हलू शकते. इथे हीट एकच होती, त्यामुळे तो संशय उरला नाही. हिशेबाने साडेतीनशे ग्रॅम मेटल कमी, म्हणजे पन्नासेक घन सेंटिमीटर जागा रिकामी. जाड बॉसपाशी कास्टिंग कापलं, आत लिंबाएवढी पोकळी. तिथे धातू सगळ्यात शेवटी थिजतो, आणि रायझरकडून, म्हणजे थिजताना मेटल पुरवणाऱ्या साठ्याकडून, त्याला पुरेसं मेटल मिळालं नव्हतं. रायझर मोठा केला, पुढचे जॉब भरीव आले.

ड्रम सगळं पकडत नाही. पोकळी बाहेर उघडी असली तर पाणी आत शिरतं आणि घनता चांगली दिसते. अगदी बारीक छिद्रं आकड्यात उमटत नाहीत. घनता जुळली म्हणून पदार्थ तोच असंही नाही, सोन्याची १९.३ आणि टंगस्टनची १९.२५ आहे. त्यामुळे शंका उरलीच तर एक्स-रे लागतोच. पण एका ड्रमाच्या आणि बादलीभर कष्टाच्या खर्चात एवढं सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

गेल्या वर्षी आम्ही एस.जी. आयर्न ओतायला सुरुवात केली. त्यात मॅग्नेशियमच्या प्रक्रियेने ग्राफाइटच्या पाकळ्यांचे गोळे होतात. डिप्लोमा करून नवीन लागलेली मुलगी कोटेशन भरत होती, तिने विचारलं, “सर, याला पण सात पॉइंट दोनच धरायचं?” पुस्तकात आकडा होता. मी तो सांगितला नाही. पहिल्या हीटमधल्या रनरचा, म्हणजे साच्यात मेटल नेणाऱ्या वाटेत थिजलेल्या धातूचा, तुकडा कापून तिच्या हातात दिला आणि ड्रमकडे पाठवलं. तिने तीनदा मोजलं, भागाकार केला आणि कोटेशनच्या कागदावर ७.१ लिहिलं.